हांक आणि ओ : ख्रिस्तसभेच्या संदेशसाधनांचा अल्प इतिहास



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाप्रीत्यर्थ निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत कांहीं जुनें लिहावें, अशी संपादक मंडळाची सूचना झाली, तेव्हां मीं प्रथम साक्रिस्तींतील लोखंडी पेटी उघडली. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांखालीं तींत एक जाड वही सांपडली. माझ्या पूर्वीच्या धर्मगुरूंनीं रविवारच्या मिस्सेंत वाचावयाच्या सूचना तींत लिहून ठेविल्या आहेत. कोणाच्या विवाहाची घोषणा, सणाची वर्गणी, मुलांच्या धर्मशिक्षणाची वेळ, विहीर उपसण्याचा दिवस, नव्या भाताचा आशीर्वाद. अक्षर कोठें वळणदार, कोठें घाईचें. पानामागून पान वाचीत गेलों आणि शेवटीं एक गोष्ट ध्यानांत आली. शेंकडों सूचनांच्या त्या वहींत लोकांनीं धर्मगुरूला काय विचारलें, ह्याची एकही ओळ नाहीं.

हा वहीचा दोष नव्हे. ती त्या कामाकरितां नव्हतीच. परंतु आज प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतां, "चर्चनें समाजमाध्यमांचा उपयोग कसा करावा?" हा प्रश्न आमच्या धर्मगुरूंच्या सभांतून निघतो, तेव्हां "ही वही फोनवर कशी न्यावी?" एवढाच त्याचा अर्थ बहुधा घेतला जातो. हांक कशी घालावी हें ख्रिस्तसभेला शेंकडों वर्षें ठाऊक आहे. त्या त्या साधनांत लोकांची ओ ऐकूं येण्याची सोय होती कीं नाहीं, आणि जेथें होती तेथें आम्हीं ती ऐकली कीं नाहीं, ह्या दृष्टीनें हा इतिहास पाहावा असा माझा विचार आहे. मी इतिहासकार नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों.

आपल्या वसईकडील सर्वांत जुनें साधन म्हणजे घंटा. पोर्तुगीज अमदानींत किल्ल्यांतील व बाहेरील प्रभुमंदिरांच्या घंटांनीं येथील दिवस मोजला जाई. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई सर केली व येथील घंटा विजयचिन्हें म्हणून मराठ्यांनीं देशावर नेल्या. नाशिकचें नारोशंकराचें देऊळ, वाईजवळील मेणवली, भीमाशंकर, ह्या ठिकाणीं अशा घंटा आजही टांगलेल्या आहेत. नाशिकची घंटा मीं स्वतः पाहिली. तिच्यावर १७२१ हें साल आहे. तिच्याखालीं उभा असतां मनांत आलें, जो दोर ओढील त्याची घंटा! आमच्या वाडवडिलांच्या घंटा गेल्या, समाज मात्र राहिला.

घंटेला ओ देण्याची रीत एकच होती, ती म्हणजे पायांनीं चालत येणें. ह्या ओचा एक मोठा गुण असा, कीं ती न देणाराही दिसत असे. रोज तिसऱ्या बाकावर बसणारी म्हातारी आज नाहीं, हें धर्मगुरूच्या वेदीवरूनच ध्यानांत येई आणि मिस्सा झाल्यावर कोणी तरी तिच्या घराकडे वळे. वाचकांनीं हा गुण लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

वसईहून आतां गोव्याकडे वळूं. कारण छापील शब्द हिंदुस्थानांत प्रथम तेथें उतरला. १५५६ सालीं गोव्यास पहिला छापखाना आला. तो निघाला होता ॲबिसिनियाकरितां, राहिला गोव्यासच. त्यावर पुढें धर्मशिक्षणाचीं पुस्तकें निघालीं. पण आपल्या भाषेच्या दृष्टीनें थोर दिवस उजाडला तो १६१६ सालीं, जेव्हां साष्टींतील राशोल येथें फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ख्रिस्तपुराण छापून निघालें. हे जेसुइत फादर मूळचे इंग्लंडचे. १५७९ सालीं ते गोव्यास आले आणि १६१९ सालीं वारले. देवनागरी खिळे नसल्यामुळें हा ग्रंथ रोमन लिपींत छापावा लागला. परंतु आंतील सुमारें ११,००० ओव्या शुद्ध मराठी वळणाच्या आहेत.

ह्या ग्रंथाची थोरवी सर्वांनीं गाइली आहे. मला त्यांतील आरंभींचा एक प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. साष्टींत धर्मशिक्षण चालू असतां एक नवख्रिस्ती ब्राह्मण फादरांपुढें आपली अडचण मांडतो. आमचीं जुनीं पुराणें तर तुम्हीं वर्ज्य केलीं. मग त्यांच्या जागीं आमच्या मनाला रिझवील असें दुसरें पुराण तुम्हीं आम्हांस कां देत नाहीं? ह्या प्रश्नांत विनंती आहे आणि ठपकाही आहे. फादर स्टीफन्स रागावले नाहींत. त्यांनीं तो प्रश्न मनावर घेतला आणि श्रोत्याच्याच ओवी-छंदांत त्याला उत्तर दिलें. म्हणजे मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा हा मुकुटमणि एका श्रोत्याच्या प्रश्नांतून जन्मास आला! तो प्रश्न धर्मगुरूनें ऐकलाच नसता तर? पुढें १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सरकारनें लोकांच्या भाषेवरच बंदी घातली. जेथें लोकांची भाषाच ऐकावयाची नाहीं असें ठरलें, तेथें दुसरें ख्रिस्तपुराण कोठून निपजावें? पहिलें मात्र लोकांनीं जपलें आणि १९०७ सालीं मंगळूर येथें तें पुन्हां छापलें गेलें.

त्याच सुमारास आमच्या महाराष्ट्रांतही एक काम सुरू झालें होतें. १९०३ सालीं जर्मन जेसुइत फादर हेन्री डोरिंग ह्यांनीं, त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील मिशनांत काम करीत असतां, "निरोप्या" हें मराठी मासिक काढलें. १९०७ सालीं तेच पुण्याचे बिशप झाले. मासिकाचें नांव मला फार आवडतें. निरोप्या नुसता निरोप पोंचवून थांबत नाहीं, दारांत उभा राहून "काय सांगूं?" असें विचारतो आणि उलट निरोप घेऊन परत जातो. निदान आमच्या खेड्यांतला निरोप्या तसा असे.

ह्यापुढची हकीगत रोमची आहे आणि ती मी भरभर सांगतों. १२ फेब्रुवारी १९३१ रोजीं मार्कोनी ह्यांनीं उभारलेल्या व्हॅटिकन आकाशवाणीवरून अकरावे पायस ह्या पोपमहाराजांचा लॅटिन आवाज सर्व जगांत गेला. एवढी मोठी हांक तोपर्यंत कोणत्याही पोपमहाराजांनीं घातली नव्हती. ओ ऐकण्याची सोय त्या यंत्रांत नव्हती. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ह्या साधनांविषयीं आदेशपत्र संमत केलें. बाजूनें १९६० मतें, विरुद्ध १६४. परिषदेच्या सोळा दस्तऐवजांपैकीं दुसऱ्या कोणासही अखेरच्या मतदानांत एवढीं विरोधी मतें पडलीं नाहींत. मजकूर उथळ आहे, अशी टीका तेव्हां झाली आणि ती अगदींच खोटी नव्हती. पण त्या पत्रानें "सामाजिक संदेशसाधनें" हा शब्द रूढ केला, हें विसरूं नये. आजचीं समाजमाध्यमें जन्मण्यापूर्वीं चाळीस वर्षें ख्रिस्तसभेनें ह्या साधनांना "सामाजिक" म्हटलें होतें! त्याच पत्रानुसार १९६७ पासून दरवर्षीं संदेशसाधनांचा जागतिक दिन पाळला जातो. पुढें १९७१ च्या निर्देशपत्रांत, ख्रिस्तसभेच्या आंतही लोकमताला व संवादाला जागा असली पाहिजे, असें स्पष्ट लिहिलें गेलें. कागदावर तरी ओ ऐकण्याचें कर्तव्य तेव्हां मान्य झालें.

१९९५ च्या नाताळांत व्हॅटिकनचें संकेतस्थळ उघडलें. तें उभारण्यांत एका अमेरिकन फ्रान्सिस्कन भगिनीचा, सिस्टर जुडिथ झोबेलाइन ह्यांचा, मोठा वांटा होता. आणि ज्या तीन यंत्रांवर तें चालत असे त्यांना राफाएल, मिखाएल व गाब्रिएल अशीं महादूतांचीं नांवें दिलीं होतीं. २२ नोव्हेंबर २००१ रोजीं दुसरे जॉन पॉल ह्या वृद्ध पोपमहाराजांनीं ओशनियाच्या ख्रिस्तसभेला लिहिलेलें बोधपत्र ई-मेलनें धाडलें. २००२ सालीं निघालेल्या "ख्रिस्तसभा आणि इंटरनेट" ह्या पत्रांत दोन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत आणि त्या दोन्ही आजही ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. एक अशी, कीं ह्या साधनांत बोलणारा व ऐकणारा हा जुना भेद उरत नाहीं. दुसरी अशी, कीं इंटरनेटवर साक्रामेंत होत नाहींत.

१२ डिसेंबर २०१२ रोजीं सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीं ट्विटरवर (आतां त्याला एक्स म्हणतात) पहिला संदेश पाठविला. आठ भाषांत आठ खातीं होतीं. लॅटिनचें नववें पुढच्या महिन्यांत आलें. एक मौज पाहा. ह्या खात्यांचे अनुयायी लाखोंनीं वाढले, परंतु पोपमहाराजांचीं खातीं स्वतः अनुसरण करीत तीं केवळ एकमेकांचेंच. हें सांगण्यांत अनादर नाहीं. एवढ्या मोठ्या पदाला दुसरें काय करतां येणार? पण गांवच्या धर्मगुरूनें त्याच वळणावर जाण्याचें कारण नव्हतें. मी मात्र गेलों.

आपल्या धर्मग्रामाचा व्हॉट्सअ‍ॅप-समूह निघाला तेव्हां पहिला महिना उत्साहांत गेला. मग सकाळच्या फुलांचीं चित्रें आलीं, वाढदिवस आले, निवडणुकीचे वाद आले आणि कोणीं कोठून आणलेल्या औषधांच्या भाकडकथाही आल्या. मीं वैतागून अशी व्यवस्था करविली, कीं समूहांत केवळ व्यवस्थापकांनींच लिहावें. समूह शांत झाला. मला तेव्हां मोठी सुधारणा केल्यासारखें वाटलें. वस्तुतः पेटींतली ती जाड वही मीं फोनवर नेली होती, एवढेंच.

पुढें महामारी आली. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला. झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आला आणि गेला, हातांत झावळी कोणाच्याच नव्हती. २७ मार्चच्या सायंकाळीं पोप फ्रान्सिस पावसांत भिजणाऱ्या ओसाड चौकांत एकटे उभे असलेले आपण सर्वांनीं पडद्यावर पाहिले. आपल्या तरुणांनीं पितळी मेणबत्तीदानाला दोरीनें फोन बांधून येथील मिस्सा यूट्यूबवर दाखविण्यास आरंभ केला. आखातांतून, कॅनडांतून, इस्राएलांतून आपलीं मुलें ती पाहूं लागलीं. रिकाम्या बाकांपुढें प्रवचन करणें किती कठीण, हें तेव्हां कळलें. आणि मिस्सेनंतर पडद्याखालचा प्रेक्षकांचा आकडा पाहण्याची संवय मला तेव्हांच लागली. आकडा वाढला कीं बरें वाटे. पोप फ्रान्सिस स्वतः ९ मार्चपासून १८ मेपर्यंत रोज सकाळची मिस्सा अशीच प्रक्षेपित करीत होते. तरी १७ एप्रिलच्या प्रवचनांत त्यांनींच सावध केलें, कीं माणसांवांचून व साक्रामेंतांवांचून असलेली ही जवळीक अडचणीच्या काळापुरती आहे, ती ख्रिस्तसभा नव्हे. रिकाम्या मंदिरांत ईस्टर साजरा करण्याच्या बेताबद्दल एका बिशपनें आपणांस टोकलें होतें, हेंही त्यांनीं मोकळेपणें सांगितलें. पोपमहाराजांनीं एका बिशपची ओ ऐकली, तिचा हा दाखला.

१६ नोव्हेंबर २०२० ला महाराष्ट्रांतील प्रार्थनास्थळें उघडलीं. पुढच्या एप्रिलांत दुसऱ्या लाटेनें पुन्हां बंद झालीं. आतां जें सांगणार आहें तें त्या एप्रिलांतलें. मिस्सा चालू असतां पडद्याच्या बाजूला लोक "आमेन" लिहीत, हात जोडल्याचीं चित्रें पाठवीत. एके दिवशीं त्या आमेनच्या ओळींत एक ओळ निराळी होती. "फादर, बाबा तीन दिवस जेवले नाहींत, घरीं एकटेच आहेत, कोणी जाईल का?" लिहिणारी त्यांची मुलगी कुवेतला होती. समूहांत तिला लिहितां येत नव्हतें, कारण तो मींच बंद केला होता. माझा नंबर तिच्याजवळ नव्हता. तिला जी एक फट सांपडली तींतून तिनें हांक घातली. मीं ती ओळ वाचली चौथ्या दिवशीं, आणि तीही आकडा पाहतांना. तोंवर शेजाऱ्यांनीं म्हाताऱ्यांना इस्पितळांत नेलें होतें. रुग्णाभ्यंगाचा संस्कार घेतल्यावांचून ते गेले. त्यांचें घर माझ्या निवासापासून पायीं बारा मिनिटांवर आहे.

वर्षभरानें ती मुलगी गांवीं आली तेव्हां मला भेटली. मला ती रागें भरेल अशी अपेक्षा होती, आणि तें मला सोपें गेलें असतें. ती एवढेंच म्हणाली, "फादर, आम्हांला मिस्सा दिसत होती, तुम्ही दिसत होतां. आम्ही मात्र तुम्हांला दिसत नव्हतों."

घंटेचा जो गुण मीं वर ध्यानांत ठेवण्यास सांगितला तो हाच. तिसऱ्या बाकावरची रिकामी जागा वेदीवरून दिसे. प्रेक्षकांच्या आकड्यांत रिकामी जागा दिसत नाहीं. २०२२ च्या संदेशसाधन-दिनाकरितां पोप फ्रान्सिस ह्यांनीं "अंतःकरणाच्या कानानें ऐकणें" हा विषय निवडला, आणि २८ मे २०२३ रोजीं व्हॅटिकनच्या संदेशसाधन-विभागानें समाजमाध्यमांवर जें चिंतनपत्र काढलें तें भल्या शोमरोनी माणसाच्या दाखल्यावर रचलें. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला याजक पाहतो आणि बाजूनें निघून जातो. तें पत्र मीं दोन वेळां वाचलें. दुसऱ्या वेळीं तो याजक कोण, हें मला विचारावें लागलें नाहीं.

त्यानंतर आम्हीं काय केलें तें सांगतों; दुसऱ्या धर्मग्रामांस त्याचा उपयोग झाला तर होवो. मोठा समूह सूचनांपुरता तसाच ठेविला, कारण सूचनाही लागतातच. परंतु प्रत्येक आळीचा वेगळा छोटा समूह केला, पंचवीस-तीस घरांचा, आणि त्यांत सर्वांना लिहिण्याची मोकळीक दिली. प्रत्येक समूहांत एक माणूस असा नेमला, कीं ज्यानें आलेल्या प्रश्नाला त्याच दिवशीं उत्तर द्यावें. उत्तर ठाऊक नसेल तर "विचारून सांगतों" असें तरी लिहावें. ह्या कामाला तरुणांपेक्षां निवृत्त शिक्षिका अधिक उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे! तरुण पाठविण्यांत तरबेज, पण वाचून उत्तर देण्याचा धीर शिक्षिकांच्या ठायीं. मिस्सेचें प्रक्षेपण चालू असतां एक जण केवळ बाजूच्या ओळी वाचीत बसतो. ज्यांच्याजवळ फोन नाहीं त्यांची यादी प्रत्येक आळींत आहे आणि त्यांच्या दारीं निरोप पायीं जातो. अंत्यविधि मात्र कुटुंबानें मागितल्यावांचून दाखवीत नाहीं. परदेशांतील मुलांना त्याचा मोठा आधार होतो, पण दुःख हें तमाशाचें साधन होतां कामा नये. पापनिवेदन तर फोनवर नाहींच, आणि आजाऱ्याचें नांव त्याच्या संमतीवांचून समूहांत घालावयाचें नाहीं. मुलांच्या फोटोंविषयीं अद्याप आमचें एकमत झालेलें नाहीं.

लिहिण्याची मोकळीक दिली म्हणजे धोका आलाच. १ जुलै २०१८ रोजीं धुळे जिल्ह्यांतील राईनपाडा येथें मुलें पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावानें पांच भिक्षेकऱ्यांना ठार मारिलें. १६ एप्रिल २०२० च्या रात्रीं आपल्याच पालघर जिल्ह्यांत गडचिंचले येथें तशाच अफवांनीं बिथरलेल्या जमावानें दोन साधु व त्यांचा वाहनचालक ह्यांचा जीव घेतला. राईनपाड्याच्या वर्षींच व्हॉट्सअ‍ॅपनें भारतांत एक संदेश एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठविण्यास अटकाव केला. यंत्राचा अटकाव पुरेसा नाहीं. आमच्या समूहांत आलेली कोणतीही भयंकर बातमी "ही तुम्हीं स्वतः पाहिली का?" ह्या एका प्रश्नाला सामोरी जाते. पाठविणारे कधीं कधीं रुसतात. एक सद्गृहस्थ अजून रुसलेले आहेत. त्यांनीं हा लेख वाचला तर त्यांना माझा सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्यें, रोमच्या जुबिलीवर्षांत, समाजमाध्यमांवर काम करणाऱ्या ख्रिस्ती तरुणांचा मेळावा भरला होता. त्यांच्यापुढें पोप लिओ जाळ्यांविषयीं बोलले. प्रभूनें पहिल्या शिष्यांना बोलाविलें तेव्हां ते आपलीं जाळीं नीट करीत होते, ह्या प्रसंगाची त्यांनीं आठवण दिली. आमच्या कोळीवाड्यांतील ख्रिस्ती बांधवांना हें समजावून सांगावें लागत नाहीं. समुद्रावर जाण्याला एक दिवस लागतो आणि परतल्यावर फाटलेलें जाळें शिवीत ओट्यावर बसण्याला दुसरा. ह्या दुसऱ्या दिवसाचे फोटो कोणी काढीत नाहीं.

पेटींतील ती जुनी वही आतां महोत्सवाच्या प्रदर्शनांत ठेविली आहे. ती अवश्य पाहावी, फक्त पानें जपून उलटावीं. तिच्याजागीं मीं नवी वही घेतली आहे. डाव्या पानावर सूचना असतात. उजव्या पानावर त्या आठवड्यांत लोकांनीं काय विचारलें, तें लिहितों. फोनवरून आलेलें, दारांत सांगितलेलें, सर्व. उजवीं पानें आतां आधीं भरतात. मागच्या रविवारची शेवटची नोंद एका आजींची आहे, त्यांच्याजवळ फोन नाहीं. त्यांचें म्हणणें असें, कीं पहाटेची घंटा हल्लीं फार लवकर थांबते, तोंडावर पाणी मारीपर्यंत ती संपलेली असते. साक्रिस्तानाला दोन मिनिटें अधिक वाजविण्यास सांगितलें आहे.